जीपमधलं दही

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही. वडील तापीकाठच्या एका गावात साल धरून दुसऱ्याच्या शेतात राबतात. त्यांना सही येते, पण करताना जीभ दाताखाली धरावी लागते. अशा घरातल्या मुलाने दुसऱ्या माणसाबद्दल लिहावं, तेही चार लोकांनी वाचावं म्हणून, हे मला अजून आगाऊपणाचं वाटतं. शिवाय व्यक्तिचित्रं लिहिली जातात ती नावाजलेल्या माणसांची. माझ्या माणसाला शहाद्याबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि शहाद्यात ओळखत होते ते बहुतेक हसण्यासाठी. लिहिताना काही चुकलं तर ते माझं समजावं, त्यांचं नव्हे.

त्यांचं नाव लिहीत नाही. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "आबा, मी कधीतरी तुमच्यावर लिहीन." ते जीपखाली पाठीवर पडून काहीतरी आवळत होते. तिथूनच म्हणाले, "मन्हावर कसाले? गाडीवर लिख." म्हणून मी गाडीवरच लिहितो. त्यात ते येतीलच.

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. लोणखेड्याच्या बाजूला त्यांची केळी आणि ऊस होता, घर शहाद्यात. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा त्यांच्या अंगणातली खोली रिकामी आहे असं कळलं आणि विचारायला गेलो. दारात धोतर, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात लष्करी बूट घातलेला उंच गृहस्थ उभा होता. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मार्कही विचारले नाहीत. म्हणाले, "चाल, गाडीमा बठ." मला जीपच्या मागच्या बाजूला, नुसत्या पत्र्यावर बसवलं आणि गोमाई नदीच्या पात्रात नेऊन गोट्यांवरून एक मोठी फेरी मारली. परत दारात आल्यावर गाडी बंद केली आणि मागे वळून विचारलं,

"बोल, कोठे दुखनं?"

मी म्हणालो, "कुठेच नाही."

"खोटं बोलस. लाज धरू नको. दुखस तठे दुखस सांगनारा मानूस माले पायजे. तुन्ही जिजी सांगत नही."

मी धीर करून म्हणालो, "कमरेत. डाव्या बाजूला. आणि मानेत."

ते इतके खूश झाले की त्यांनी खोलीची किल्ली लगेच माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून माझं नाव त्यांच्या तोंडी "कॉलेज" असं झालं. "ओ कॉलेज, आठे ये." मी त्या खोलीत दोन वर्षं राहिलो, पण मला माझ्या नावाने त्यांनी एकदाही हाक मारली नाही.

जिजी म्हणजे त्यांच्या पत्नी. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या. तेव्हापासून कमरेतला मणका बिघडला होता. घरात त्या हिंडत-फिरत, स्वयंपाक करत, पण बैलगाडीत बसल्या की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येत नसे. आणि जिजींचं माहेर होतं डोंगरात. म्हसावद सोडून सातपुड्यात शिरलं की एक गाडीवाट एकाच नाल्याला पुन्हा पुन्हा ओलांडत वर जाते, तिच्या शेवटाला. त्यांचे वडील जंगलच्या ठेकेदाराकडे कारकून म्हणून तिकडे गेले होते आणि पुढे दुकान टाकून तिथेच राहिले. वडील वारले. आई होती. तिला दिसेनासं होत चाललं होतं.

आमच्या खानदेशात आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, सण लेकींचा. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि चार दिवस त्यांना कोणी काम सांगत नाही. जिजी कित्येक आखाज्यांना गेल्या नव्हत्या. पण त्यांची आई दर वर्षी मोहाच्या झाडाला झोका बांधायला लावायची, आणि चारोळी विकायला खाली येणाऱ्या पावरा आदिवासींबरोबर निरोप पाठवायची. निरोप नेहमी एवढाच असायचा: "झोका बांधेल शे." सण सरला की म्हातारी झोका सोडून ठेवायची.

मी आबांच्या तोंडून हे कधीच ऐकलं नाही. जीप कशासाठी घेतली, असं कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "डोंगरमा लाकडं स्वस्त शेत." त्यांनी डोंगरातून एक काटकीही आणलेली मला आठवत नाही.

आबा आणि जिजी एकमेकांशी कधी सरळ बोलत नसत. त्या पिढीची तीच रीत. माणसांदेखत नवऱ्याने बायकोला हाक मारायची नाही, बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घरात लहान मूल असलं की त्याच्यामार्फत चालतं. त्यांच्या घरात मूल नव्हतं. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

"भाऊ, त्यासले सांग, जेवन थंडं व्हई ऱ्हायनं."

"तिले सांग, आत्ते येसू."

"त्यासले सांग, मन्ही सवत कोठे पयी जात नही, जेयीसन मंग भेटा."

सवत म्हणजे जीप. आबा जीपखाली असले तरी हे त्यांना स्वच्छ ऐकू जायचं. दोघांच्या मध्ये फक्त अंगण होतं. तरी ते मी पुन्हा सांगेपर्यंत थांबायचे, आणि मी सांगितलं की खालून हसण्याचा आवाज यायचा.

ती जीप लढाईनंतर सरकारने विकून टाकलेल्यांपैकी होती. डिस्पोजलची म्हणायचे. स्टेअरिंग डाव्या हाताला, रंग शेवाळी. मुळात ती बुटकी. डोंगरातल्या नाल्यात म्हशीच्या डोक्याएवढे गोटे असतात, त्यांच्यावर तिचं पोट टेकायचं आणि चाकं नुसती फिरायची. म्हणून आबांनी तिला उंच करायची ठरवली. भंगारात निघालेल्या ट्रकच्या कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, जाड पाटे आणले आणि जीपच्या कमानीत घातले. कमानी ज्या लोखंडी पट्ट्यांना लटकते त्या पट्ट्या लोहाराकडून लांब करून घेतल्या. जीप वीतभर वर उचलली गेली. गावाने तिचं नाव उंट ठेवलं.

"आबा, उंट कोठे चालना?" बाजारात कोणीतरी हटकायचं. "जिजी काय शिडी लाईसन चढतस का?"

"तू खालेच बठ," आबा न थांबता म्हणायचे. "बैलनं शेपूट देखत ऱ्हाय."

उंच झाल्यावर जीपचं पोट कुठे टेकेना. पण दोन नवी दुखणी लागली. ट्रकचे पाटे ट्रकसारखे ताठ. ते वाकतच नसत. प्रत्येक खड्डा थेट बसणाऱ्याच्या टाळूपर्यंत पोचायचा. आणि स्टेअरिंग बिघडलं. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा आधी आडवा होता, तो आता वरून खाली तिरपा झाला. चाक दगडावर चढलं की दांडा ढकलला जायचा आणि स्टेअरिंग हातातल्या हातात गरकन फिरायचं. सपाट रस्त्यावरसुद्धा गाडी झिंगल्यासारखी या कडेची त्या कडेला जायची. आबा म्हणायचे, "गाडी मन्हं ऐकत नही, दगडनं ऐकस."

त्यांच्या डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं. लग्नाला गेले तर मांडवात बसण्याऐवजी बाहेर सोडलेल्या दमणी बैलगाड्यांखाली वाकून बघायचे. कोणी लंगडताना दिसला तर काळजीने विचारायचे, "डावी कमानी बसनी का?" एकदा हा प्रश्न त्यांनी आमच्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांना विचारला. सर आठवडाभर मला त्याचा अर्थ विचारत होते. रस्त्यांना मात्र ते कधी नावं ठेवत नसत. "रस्ता चुकत नही, कमानी चुकस," असं त्यांचं म्हणणं होतं.

आता दह्याचं सांगतो.

जीप किती आदळते हे कळावं कसं? जिजींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "त्यासले सांग, काही नही दुखत." मी सांगायचो, पण माझी कंबर विशीतली. म्हणून आबांनी दही काढलं. जिजींनी रात्री विरजण लावलेलं घट्ट दह्याचं मडकं सकाळी मागच्या बाजूला गवताच्या चुंबळीवर ठेवायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. गोमाईतून फेरी मारायची. परत आल्यावर फडकं सोडून बघायचं. दह्याला तडा गेला असेल, पाणी सुटलं असेल, तर कमानी नापास. दारात गाडी थांबली की आबा आधी मागे जायचे आणि त्या मडक्यात असं बघायचे, जसा डॉक्टर डोळ्याची पापणी खाली ओढून बघतो.

"मोडनं," ते म्हणायचे. मग पुन्हा जीपखाली.

मोडलेल्या दह्याची रोज कढी व्हायची. त्या घरात मी जेवढी कढी प्यायलो तेवढी पुढे जन्मभर मिळाली नाही तरी चालेल. दही कोणाच्या जागी बसलेलं आहे हे मला कळायला थोडे दिवस लागले. जिजींना ते पहिल्या दिवसापासून कळलं असावं, कारण त्या विरजण फार निगुतीने लावायच्या. दूध आटवून, मडकं आतून धुऊन-वाळवून. मी एकदा म्हटलं, "जिजी, एवढं घट्ट लावता, मग मोडतं. थोडं सैल लावलं तर पास होईल की." त्या म्हणाल्या, "नको भाऊ. खोटं पास व्हयेल गाडीमा माले बठाडतीन."

पहिल्या वर्षी आखाजी जवळ आली तेव्हा दही अजून मोडतच होतं. पण चारोळीवाला आला आणि या खेपेला निरोप जरा लांब होता. झोका बांधेल शे, आणि म्हातारीला आता माणूस आवाजावरूनच ओळखू येतं. आबा ओसरीत बसले होते. बराच वेळ त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिले सांग, परवा निघसूत."

आम्ही तिघं निघालो. मागे दोन गाद्या घातल्या होत्या, त्यांवर जिजी, मांडीजवळ दह्याचं मडकं, शेजारी मी. आबा जीप इतकी सावकाश चालवत होते की म्हसावदपर्यंत एक बैलगाडी आमच्या पुढेच होती. नाला लागला. पहिल्यांदा उतरलो, चढलो. दुसऱ्यांदाही. जिजी डोंगर बघत होत्या, आणि मला एकेक टेकडी बोट करून दाखवत होत्या. "त्या खडकवर आम्ही करवंदं खायजूत." त्यांचा आवाजसुद्धा बदलला होता, पोरीसारखा झाला होता.

पुढच्या वळणाला उजवं चाक एका गोट्यावर चढलं. स्टेअरिंग आबांच्या हातातून सुटलं, जीपने उडी घेतली आणि नाक काठाच्या मातीत खुपसून थांबली. जिजी बाजूच्या लोखंडावर आदळल्या. त्या ओरडल्या नाहीत. डोळे घट्ट मिटले, आणि हाताने चाचपडत मडक्यावर पदर ओढला.

आबा उतरून मागे आले. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी जिजींकडे पाहिलं नाही; मडक्याकडे हात नेला. जिजींनी पदर सोडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यासले सांग, दही चांगलं शे."

आबांनी हात मागे घेतला. तिथून आम्ही परत फिरलो. माहेर अजून दोन टेकड्या पलीकडे होतं.

जिजी पुढे बरेच दिवस अंथरुणावर होत्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या सांगण्यावरून मीच कढी केली. आबा जेवायला बसले, वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. ते उठून बाहेर गेले आणि जीपवर ताडपत्री टाकली. त्या रात्री मला वाटलं, आता संपलं.

सगळा पावसाळा ताडपत्री तशीच होती. आबा शेतावर जायचे ते पायी. गावात कोणी उंटाची चौकशी केली तर उत्तर देत नसत. त्यांना उत्तर देता येत नाही हे बघून लोकांनीही विचारणं सोडलं, आणि मला ते चेष्टेपेक्षा वाईट वाटलं.

जिजी हिंडू-फिरू लागल्या तेव्हा दसरा उलटून गेला होता. एका सकाळी त्या अंगणात ताक घुसळत होत्या. आबा ओसरीत दात घासत होते. मी वाचत होतो. रवीची दोरी एका बाजूने वर सरकली होती, आणि रवी मडक्यात उड्या मारत होती. जिजी थांबल्या. दोरी खाली ओढून सरळ केली. रवी सरळ फिरू लागली. मग त्यांनी मुद्दाम दोरी पुन्हा तिरपी केली, दोन हिसके दिले, आणि मला म्हणाल्या,

"भाऊ, त्यासले सांग. दोरी तिरपी व्हई तं रई उड्या मारस."

मी सांगायला वळलो, तर आबा तोंडातलं पाणी न टाकताच रवीकडे बघत उभे होते. पाणी थुंकून म्हणाले, "तिले विचार, मंग दोरी खाले घेवानी का रई वर?"

"सांग, मन्हा हात जठे शे तठेच ऱ्हाई. दोरी खाले."

आबांनी तोंड पुसलं नाही, चहा घेतला नाही. सरळ जाऊन ताडपत्री ओढली.

मला यंत्रातलं कळत नाही, तेव्हा पुढचं जसं दिसलं तसं सांगतो. दांडा चाकाकडे ज्या लोखंडी हाताला जोडलेला असतो, त्याची जोड बदलून त्यांनी दांडा जवळपास आडवा करून घेतला. लोहाराने दोनदा केलेलं नाकारलं, तिसऱ्यांदा घेतलं. गाडी झिंगायची कारण तिचा पुढचा आस उंच करताना मागे कलला होता. म्हणून कमानी आणि आसाच्या मध्ये पाचर ठोकली. आधी बाभळीची, ती चेपली, मग लोखंडाची. ट्रकचे जाड पाटे काढून टाकले. त्यांच्या जागी पातळ आणि लांब पाटे आले, एकावर एक, आणि प्रत्येकाच्या मध्ये आबांनी बोटांनी ग्रीस लावलं, पुरणपोळीला तूप लावावं तसं. "पाटा पाटावर सरकाले पायजे," ते म्हणायचे. "घरमा मानसं सरकतस तसं." जीपची उंची थोडी कमी झाली. लोक म्हणाले, उंट बसला. आबा म्हणाले, "बठू द्या. उठतावखत देखा."

मग त्यांनी स्वतः मागे आडवं पडून बघायला सुरुवात केली. लोणखेड्याच्या नांगरलेल्या शेतात त्यांचा ट्रॅक्टरवाला जीप चालवायचा आणि आबा गादीवर जिजींसारखे कुशीवर पडायचे. थोडा धक्का बसला तरी मोठ्याने "माय वं!" म्हणून ओरडायचे. दुखलं म्हणून नव्हे. जिथे जिजी ओरडणार नाहीत तिथे आपण ओरडून ठेवावं म्हणून. ऊस तोडणारी माणसं कोयते खाली ठेवून बघायची. ट्रॅक्टरवाला शरमून लाल व्हायचा. दर फेरीनंतर आबा उठायचे, मडक्याचं फडकं सोडायचे. तडा लहान होत गेला. मग केसाएवढा राहिला. तो केस मात्र जाईना, आणि त्या केसापायी दुसरी आखाजीही तशीच गेली.

तेवढ्यात माझी शहाद्यातली वर्षं संपली आणि पुढच्या वर्गासाठी मला धुळ्याला यावं लागलं. निघताना जिजींनी दशम्या बांधून दिल्या. आबा मला एस. टी. स्टँडवर सोडायला आले, अर्थातच जीपने. मी उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बोल, कोठे दुखनं?"

मी म्हणालो, "कुठेच नाही, आबा. खरंच."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुन्हं डोयामा पानी शे."

"ते कमानीमुळे नाही."

ते हसले, आणि गाडी वळवून गेले.

पुढच्या आखाजीला माझी परीक्षा होती. पेपर लिहिताना माझं लक्ष सारखं त्या नाल्याकडे जायचं. म्हातारी आहे की नाही, झोका बांधला की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. आबांना लिहिण्याचा कंटाळा, आणि जिजींना लिहिता येत नव्हतं. उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला. मग एके दिवशी बसस्टँडजवळ मला आबांचा ट्रॅक्टरवाला दिसला. ट्रॅक्टरचा कसलासा भाग घ्यायला तो धुळ्याला आला होता. मी त्याचा हातच धरला.

"गेले का ते? आखाजीला?"

"गयात ना! मी बी संगे व्हतू, मांगे बठेल."

"आणि नाल्यात?"

"काही नही. तो मागला खेपना गोटा उना, आबानी गाडी धीरेथीन त्यावरच चढाई. स्टेअरिंग हाललं बी नही. जिजीनी माले विचारं, तो गोटा गया का? मी म्हनं, गया."

"म्हातारी?"

"झाडखालेच बठेल व्हती. गाडीना आवाज आयकीसन उभी ऱ्हायनी. दोन्ही मायलेकी रडन्यात. मंग म्हातारीनी जिजीना हात धरा आनि झोकाकडे लई गई."

"जिजी झोक्यावर बसल्या?" माझा विश्वास बसेना. "त्यांच्या कमरेनं?"

"बठन्यात. झोका देवाले बाया पुढे सरकन्यात. तं आबा मधमा शिरनात. म्हने, सरका, तुम्ही जोरमा द्याल. आनि सोता झोका देवाले लागनात. सगया गावदेखत! इतला हयू, इतला हयू, जसं काही पाळनामा लेकरू निजेल शे. लोके हासी हासी लोटपोट. आबा कोनाकडे देखेत नही. नुसतं विचारेत, दुखी ऱ्हायनं का? दुखी ऱ्हायनं का?"

"कोणामार्फत विचारत होते?"

त्याला माझा प्रश्न कळला नाही. "मारफत कसाले? जिजीलेच विचारी ऱ्हायनात व्हतात."

मग जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. "आणि दही? दही मोडलं का?"

"कोनतं दही?" तो म्हणाला. मग आठवून हसायला लागला. "हां, ते मडकं! ते गाडीमाच ऱ्हायनं. दुसरा दिन आंबट वास उना तधय माले सापडनं. कोनीच देखं नही."

"आबांनीसुद्धा नाही?"

"आबा तं झोका देई ऱ्हायनात व्हतात."